लाल दिव्याचा रोजमेळ

२६ मे २०२५, सोमवार. मान्सून यंदा त्याच दिवशी मुंबईत येऊन थडकला, आणि संध्याकाळी सातच्या सुमारास आमच्या हॉलमधल्या पांढऱ्या डब्यावर एक लाल दिवा लुकलुकायला लागला. फायबरमधून उजेडाच्या रूपात आलेलं इंटरनेट घरात घेणाऱ्या त्या डब्याला ओएनटी म्हणतात आणि त्या दिव्याशेजारी बारीक अक्षरांत एलओएस, म्हणजे 'सिग्नल गेला', असं लिहिलेलं असतं, हे तोवर माझ्या गावीही नव्हतं. चार वर्षं तो टीव्हीमागे धूळ खात निमूट काम करत होता. सासूबाईंची मालिका ऐन मोक्याच्या क्षणी थांबली आणि त्या म्हणाल्या, "पावसाने गेलं असेल." पुढचे ५१ दिवस घरात, शेजारी, कंपनीच्या फोनवर सगळे हेच वाक्य म्हणत राहिले. मीसुद्धा.

आम्ही ठाण्याला नौपाड्यात राहतो. चार मजली, बिनलिफ्टची, चाळिशी ओलांडलेली बिल्डिंग. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. जांभळी नाक्यावरच्या काही दुकानदारांचं जीएसटीचं आणि इन्कमटॅक्सचं काम मी घरून करते. म्हणजे महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, २० तारखेला कर भरायचं रिटर्न ३बी, आणि उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, जी पार्टी माझ्याच तोंडाकडे बघत भरते. नेट जाणं म्हणजे माझ्यासाठी दुकानाचं शटर पडणं. फायबरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. यातून जाताना जे हाताला लागलं ते तारीखवार लिहून ठेवते आहे. कुणाच्या तरी हॉलमध्ये आज रात्री तो दिवा लाल होईलच.

२७ मेला सकाळी तक्रार नोंदवली. फोनवरच्या मुलीने डबा बंद करून चालू करायला सांगितला, मग केबल काढून परत लावायला सांगितली. केलं. मग ती म्हणाली, "मॅडम, मागे एक बारीक छिद्र आहे, त्यात टाचणी..." तेवढ्यात दिवा आपोआप हिरवा झाला आणि मी वाचले. ती टाचणी म्हणजे रीसेट. ती दाबली की कंपनीने डब्यात भरलेली सगळी सेटिंग पुसली जाऊ शकतात, आणि मग लाइन बरी असूनही माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं. बंद-चालू हवं तितक्या वेळा करा, टाचणीला हात लावू नका. आणि तक्रारीचा डॉकेट नंबर कागदावर लिहून घ्या, एसएमएसच्या गर्दीत तो हरवतो.

त्याच दिवशी इन्कमटॅक्स रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाल्याची बातमी आली. हायसं वाटलं. जीएसटीला मात्र असली दयामाया नसते.

२८ मेला दुपारी बाराच्या सुमारास पहिला मुलगा आला. विशीतला, पाठीवर सॅक, अंगावर भिजलेला रेनकोट. त्याने डब्यातून हिरव्या टोकाची वायर काढली, पेनासारख्या क्लीनरने 'टिक' आवाज करत टोक पुसलं, आणि एक बुटकं मशीन लावून म्हणाला, "मायनस बावीस. मस्त आहे, ताई." ते हिरवं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, म्हणजे परत फिरलेला उजेड धाग्यातच उलटा जात नाही. निळ्या टोकाचं सरळ असतं. हिरव्यात निळं खुपसायचं नाही, आणि टोकाला बोट तर नाहीच लावायचं. बोटाचा तेलकट ठसासुद्धा उजेड अडवतो. हे सगळं त्यानेच सांगितलं. वायरच्या टोकात डोकावून बघायला गेले तर जवळजवळ ओरडलाच. आतला उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना इजा करू शकतो.

जाताना त्याने तक्रार बंद करायचा कोड मागितला. दिला. ३१ मेला पुन्हा लाल.

आता माझा शहाणपणा. भाऊजी म्हणाले, "वहिनी, राउटर जुना झाला." २ जूनला गोखले रोडवरून २,१५० रुपयांचा नवा राउटर आणला. त्याने वायफाय जोरात आलं हे खरं. पण लाल दिवा लागतो तो ओएनटीवर, उजेडच पोचत नाही म्हणून. नळाला पाणी नसताना मी नवीन बादली आणली होती. ५ जूनला संध्याकाळी पुन्हा लाल, आणि नवा राउटर शेजारी ऐटीत हिरवा. तोच खर्च सगळ्यात मोठा आणि सगळ्यात फुकट गेला.

७ जूनला दुसरा माणूस आला. तोही साडेअकरालाच. त्याने गच्चीवरच्या डब्यातून आमच्या धाग्यात लाल लेझर सोडला आणि घरातल्या टोकाला लाल ठिपका दिसला. "केबल ओके," म्हणाला. आतली छोटी वायर आणि टोकाचा कनेक्टर बदलला, २५० रुपये घेतले, पावती नाही. मी हिशेबाची माणूस असून पावती मागितली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. पण या माणसाने एक मोलाची गोष्ट दाखवली. मोबाइलच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की आमच्या ओएनटीचं पान उघडतं. डब्याखालच्या स्टिकरवरचं नाव-पासवर्ड घातलं, की ऑप्टिकल नावाच्या कप्प्यात आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचा जोर, दिसते. (काही कंपन्या हे पान बंद ठेवतात, मग आलेल्या माणसाला त्याच्या मशीनवरचा आकडा दाखवायला सांगायचं आणि फोटो काढायचा.)

तो आकडा डीबीएममध्ये असतो आणि कायम उणे, त्यामुळे माझ्यासारखीला आधी तोटाच दिसला. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. दहा उतरलं की दहावा भाग उरतो, तीन उतरलं की निम्मा. म्हणजे −२० म्हणजे एक मिलिवॅटचा शंभरावा भाग, आणि एवढ्याशा उजेडावर घर छान चालतं. घरात जो डबा सर्रास बसवतात त्याला साधारण −२७ पर्यंत वाचता येतं, त्याखाली अंधार. आमचा आकडा त्या दिवशी −२१.८ होता. कंपनीच्या सेंटरवरून निघालेला एका धाग्यातला उजेड वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्या वाटपात ३२ घरांत वाटला जाऊ शकतो, आणि नुसत्या त्या वाटणीतच १७ डीबी जातात. इतक्या वाटेकऱ्यांनंतर −२१.८ म्हणजे उत्तम. मग दिवा लाल का होतो?

११ जून, जीएसटीआर-१. संध्याकाळी साडेपाचला तीन पार्ट्यांचं काम बाकी असताना लाल. मोबाइलच्या नेटवर पोर्टल गोल गोल फिरत राहिलं. शेवटी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून रिक्षाने मानपाड्याला बहिणीकडे गेले. घोडबंदर रोडची संध्याकाळ, वरून पाऊस. जाऊन-येऊन ३४० रुपये. शेवटचं रिटर्न रात्री साडेदहाला गेलं. बहिणीने पिठलं-भात वाढला आणि मी तिथे चक्क रडले. एका दिव्यापायी.

१३ जूनला पुन्हा तक्रार दिली. १४ ला एसएमएस आला: आपली तक्रार निवारण झाली आहे. कुणी आलंच नव्हतं. आणखी एक तक्रार.

मध्येच १८ जूनला वेगळंच रामायण झालं. सकाळी दहाला लाल दिवा लागला आणि जिन्यात आरडाओरडा ऐकू आला. पहिल्या मजल्याचं गेलं होतं, चौथ्याचं गेलं होतं, पलीकडच्या बिल्डिंगचंही. तोवर दिवा लाल झाला की शेजाऱ्यांना विचारावं हे मला सुचलंच नव्हतं. खरं तर पहिलं काम तेच. सगळ्यांचं गेलं तर बिघाड स्प्लिटरच्या अलीकडे, रस्त्यावर किंवा सेंटरला. एकट्याचंच गेलं तर स्प्लिटरपासून आपल्या घरापर्यंतच्या तुकड्यात. आमचं तीन आठवडे एकट्याचंच जात होतं. फुकटातली ही चाचणी मी केली असती, तर २,१५० रुपये वाचले असते.

दुपारी व्हॅन आली. दोन मुलं आणि त्यांचा पन्नाशीतला सीनियर. पलीकडच्या बिल्डिंगच्या गेटजवळ त्यांनी डबा उघडला आणि मी छत्री घेऊन उभी राहिले. जेवणाच्या डब्याएवढं, पडदा असलेलं एक मशीन होतं, ओटीडीआर. ते धाग्यात उजेडाचा छोटा ठोका सोडतं. काचेतून जाताना थोडा उजेड सगळीकडून मागे विखुरतो, आणि मशीन परत येणाऱ्या उजेडाचा वेळ मोजतं. काचेत उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एक किलोमीटर जाऊन यायला दहा मायक्रोसेकंद. पडद्यावर हळूच उतरत जाणारी रेघ होती, मग एक टोक वर उसळलं आणि पुढे नुसता गवताळ गोंधळ. "संपली," सीनियर म्हणाले. "४१२ मीटरवर."

मी विचारलं, मग ४१२ मीटर मोजत जायचं का? ते हसले. मशीन काच मोजतं, रस्ता नाही. केबल जागोजागी वेटोळी करून ठेवलेली असते, पुढे जोड मारायला पुरावी म्हणून. त्यांच्या वहीत त्या वाटेवर १५-१५ मीटरची दोन वेटोळी होती. वजावट ३०, उरले ३८२. तिथून दोन गल्ल्या पलीकडे, फुटलेली पाण्याची लाइन दुरुस्त करायला सकाळीच जेसीबी आला होता. कुठे खणणार हे आधी कळवून केबलवाल्यांना सावध करायला सरकारने २२ मार्च २०२३ पासून 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप सुरू केलं आहे. खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या मुकादमाला मी विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्याकडे जीएसटी नंबर मागितला.

जोड मारताना मी जवळजवळ दोन तास तिथे होते. काळी केबल सोलली की आत रंगीत धागे निघतात: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा, पांढरा, आणि पुढचे. रंगाचा क्रम ठरलेला असतो; निळ्याला निळाच जोडायचा. रंग खरवडला की उरते ती १२५ मायक्रॉनची काच, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग, आणि त्यातही उजेड चालतो तो मधल्या नऊ मायक्रॉनच्या गाभ्यात. तिन्ही जण छत्री धरून, पोराच्या तोंडाला पदर लावावा तसं त्या मशीनला जपत होते. धागा अल्कोहोलने पुसला, छोट्या अडकित्त्यात सरळ कापला, दोन्ही टोकं समोरासमोर ठेवली. पडद्यावर ती दोन खांबांएवढी दिसत होती. मशीनने ती आपणहून जुळवली, मध्ये एक निळसर ठिणगी पडली आणि खांब एक झाले. खाली आकडा आला: ०.०२ डीबी. कापलेले काचेचे तुकडे मुलगा एकेक करून चिकटपट्टीवर उचलत होता. "पायात गेला तर दिसत पण नाय आणि निघत पण नाय," म्हणाला. घरी कुणी कनेक्टर बदलून गेलं की तिथली फरशी चिकटपट्टीने टिपून घ्या. आम्ही ७ जूनला झाडूने झाडली होती. कुणाला काही लागलं नाही, हे नशीब.

चोवीसपैकी शेवटचा धागा जोडून होईतो रात्रीचे आठ झाले. सगळ्यांचे दिवे हिरवे झाले, बिल्डिंगमध्ये टाळ्या पडल्या.

सीनियरना चहा दिला आणि माझं रडगाणं गायलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "जातं आणि आपलं आपण येतं ना? मग तुटलेली नाही, ताई. तुटलेली परत जुळत नसते. कुठेतरी वाकते किंवा दबते." पावसाचं पाणी जोडाच्या डब्यात शिरतं का? शिरू शकतं, म्हणाले, पण पाणी शिरलं तर लाइन दिवसेंदिवस खराब होत जाते. संध्याकाळी सातला जाऊन सकाळी दहाला ठणठणीत होत नाही. घट्ट वाकलेल्या काचेतून उजेड वळणाशी बाहेर गळतो. लांब तरंगलांबीचा जास्त गळतो: सेंटरकडून घराकडे येणारा उजेड १४९० नॅनोमीटरचा, घराकडून जाणारा १३१० चा, त्यामुळे वाकलेल्या केबलचा पहिला फटका आपल्या डब्याला बसतो. मग मी लाल लेझरच्या चाचणीबद्दल विचारलं. ते म्हणाले, पिवळ्या किंवा पांढऱ्या पातळ वायरला वळणाशी लाल उजेड फुटलेला दिसतो, पण बाहेरची केबल काळी, जाड सालीची. आत गळत असलं तरी बाहेर कळत नाही.

२० जूनचं ३बी सुरळीत गेलं. २२ ला, रविवार असून, ते कबूल केल्याप्रमाणे आले. सकाळी अकराला. चालू लाइनवर चालणाऱ्या वेगळ्या तरंगलांबीने, १६५० नॅनोमीटरने, आमच्या घरातून गच्चीपर्यंत तपासलं. रेघ स्वच्छ. ताप आलेलं पोर डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच खेळायला लागतं, तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते मात्र शांतपणे म्हणाले, "वेळ लिहा. आकडा आणि वेळ. लाइन बिघडते त्याच वेळेला मला यायला जमेलच असं नाही, पण तुम्ही तर घरीच असता."

इथे माझं डोकं चाललं, कारण हे माझंच काम होतं. जुन्या लाल वहीत उभ्या रेघा मारल्या: तारीख, वेळ, आकडा, पाऊस आहे की नाही, घरात काय चालू होतं. मागच्या तारखा तक्रारींच्या एसएमएसवरून भरल्या. दिवसातून पाच वेळा पान उघडायचं. मुलगा म्हणाला, "आई, तू त्या डब्याची शुगर मोजतेस." सकाळी दहा ते चार −२१.६, −२१.७. संध्याकाळी कधी तेच, कधी सरळ −४०. आमच्या डब्यावर उजेड नसला की हाच आकडा येतो. पहिल्या चार दिवसांत पाऊस आणि लाल दिवा जोडीने आले. वाटलं, सगळे म्हणतात तेच खरं.

मग २६ जूनला दुपारी तीनला, लख्ख ऊन असताना, लाल. ताळेबंदात एक नोंद जुळत नाही तेव्हा पोटात येतो तसा गोळा आला. अशी नोंद चुकून पडत नसते.

२७ ला मी अपीलही केलं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर. ट्राय, म्हणजे फोन-इंटरनेट कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात डॉकेट, आणि तिथे समाधान झालं नाही की त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील, हा २०१२ च्या नियमावलीतला रस्ता आहे. अपिलाला फी नाही. तक्रार सोडवायची मुदत उलटल्यापासून ३० दिवसांत ते करायचं, आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. कंपनीच्या वेबसाइटच्या अगदी तळाशी फॉर्म सापडला. सगळे डॉकेट नंबर, वहीच्या पानांचे फोटो, आणि 'कुणी न येता तक्रार बंद केली' हे वाक्य तारखेसह. रागाची वाक्यं लिहिली होती, ती पाठवण्याआधी खोडली.

३ जुलैपासून चमत्कार. एकदाही लाल नाही. ४ ला पाऊस, ५ ला पाऊस, ६ ला आषाढी एकादशी आणि दिवसभर संततधार, आकडा जागचा हलेना: −२१.६. सासूबाई म्हणाल्या, "विठ्ठल पावला." मी वहीत लिहिलं 'कारण?' आणि दोनदा अधोरेखित केलं. ८ ला रात्री आठला लाल.

९ जुलैला संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी प्रसाद न्यायला हाक मारली. काका-काकू २ तारखेला रात्री पंढरपूरला गेले होते आणि काल दुपारी परतले होते. चुरमुरे, बत्तासे, बुक्का घेऊन मी जिना उतरायला लागले. पाऊस भुरभुरत होता. मागून काकू आल्या आणि जिन्याच्या मधल्या पॅसेजमधली सरकती खिडकी खाड्‌कन लावून कडी घातली. "पायऱ्या ओल्या होतात गं. मागच्या वर्षी हे घसरले ना." मी "हो, हो" म्हणाले आणि चार पायऱ्या उतरले. मग थांबले. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, ॲल्युमिनियमच्या पट्टीखाली, एक काळी चपटी केबल चेपली गेली होती. गच्चीवरून जिन्याने खाली येऊन तीच खिडकीतून बाहेर जात होती आणि भिंतीवरून आमच्या गॅलरीत.

प्रसादाचं ताट पायरीवर ठेवलं आणि मुलाला फोन केला. "डबा बघ." "लाल आहे, आत्ताच झाला." कडी काढून खिडकी बोटभर सरकवली. "आता?" थोडा वेळ काहीच नाही, मग "हिरवा!" आता आकडा वाच. उघडी: −२१.६. लावलेली, पण कडी न घालता: −२६.१. खिडकी हाताने दाबून: −२८.६, आणि लगेच लाल. सात उतरलं म्हणजे पाचातला एक भाग उरला. आम्ही सहा वेळा केलं. काकू वरच्या पायरीवर उभ्या राहून बघत होत्या आणि मला वेड लागलं की काय या विचारात होत्या.

मग सगळा हिशेब एका दमात जुळला. पाऊस आला की काकू खिडकी लावायच्या. सकाळी झाडूवाली मावशी पायऱ्या सुकायला खिडकी उघडायची, आणि कंपनीची माणसं नेमकी अकरा-बारालाच यायची. २६ जूनच्या उन्हातलं काय? काकूंना विचारलं. "कबुतरं गं! आत घुसली होती." आषाढीला विठ्ठल पावला होता हे तर अगदी खरं होतं.

काकूंना इतकं वाईट वाटलं की त्या रात्री जेवल्या नाहीत म्हणे. त्यांची चूक काहीच नव्हती. चार वर्षांपूर्वी केबल टाकणाऱ्याने भोक पाडायचा कंटाळा केला होता. आणि मागच्या पावसाळ्यांत ती खिडकी अडकून अर्धवटच लागायची. यंदा एप्रिलमध्ये सोसायटीने सगळ्या खिडक्या दुरुस्त करून घेतल्या. मीच त्या खर्चाच्या बाजूने हात वर केला होता.

त्या दिवसापासून खिडकीत लाकडाचा ठोकळा अडकवला आणि रीतसर दुरुस्तीच्या मागे लागले. सीनियरना फोटो पाठवले. केबल कंपनी फुकट बदलून देणार होती, पण भिंतीला भोक पाडायला सोसायटीची लेखी परवानगी हवी. सेक्रेटरी काका म्हणाले, अर्ज द्या. दिला. १२ जुलैच्या कमिटी मीटिंगमध्ये भोकाच्या व्यासावर वीस मिनिटं चर्चा झाली. नळी आणि प्लास्टरचा खर्च माझा ठरला: इलेक्ट्रिशियनचे १,१००, पावतीसह.

१६ जुलैला काम झालं. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडायचं, म्हणजे पावसाचं पाणी आत येत नाही. आत शिरण्याआधी केबलला खाली एक छोटा झोका द्यायचा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी तिथूनच टपकतं. नवी केबल ए२ जातीची आहे. जुन्या पद्धतीच्या धाग्याला ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण द्यायचं नसतं, हिला साडेसात चालतं. "पण खिडकीखाली हीसुद्धा टिकणार नाही," हे सीनियरनी मुद्दाम काकूंकडे बघून सांगितलं. मुलाने आकडा वाचला: −२०.४. या वेळी तक्रार बंद करायचा कोड मी आकडा बघून, फोटो काढून, मग दिला. पहिल्या दोघांनाही तसाच द्यायला हवा होता. कोड अडवून ठेवायला मात्र मला जमत नाही, त्यांचा दिवसाचा हिशेब त्यावर असतो.

अपिलाचं उत्तर २४ जुलैला आलं. बंद दिवस म्हणून त्यांनी नऊ धरले. आमचा प्लॅन ५९९ अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०६ रुपये ८२ पैसे. त्यातले नऊ दिवसांचे २१२ रुपये ऑगस्टच्या बिलात वजा झाले. माझ्या वहीत १७ तारखांना लाल नोंद होती. ती पुन्हा पाठवू शकले असते. नाही पाठवली, ऑगस्टमध्ये रिटर्नांची गर्दी होती.

नवा राउटर भाऊजींना देऊन टाकला. वही अजून टीव्हीखाली आहे, आता आठवड्यातून एकदा लिहिते. आणि खिडकीत आता केबलच नाही हे तीनदा समजावून झालं, तरी पावसाची सर आली की काकू तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात वाकून आधी हाक मारतात, "लावू का गं?"